फोनवरचा तोतया

दूरध्वनीचा शोध १८७६ साली लागला आणि अवघ्या सहा वर्षांत, म्हणजे १८८२ साली, मुंबई, कलकत्ता व मद्रास या शहरांत त्याची केंद्रे सुरू झाली. त्यानंतर कित्येक दशके फोन ही कचेऱ्यांची व श्रीमंतांच्या घरची वस्तू होती. ज्याच्या घरी फोन असे, त्याच्याकडे साऱ्या आळीचे निरोप येत. घंटा वाजली की कोणाची तरी सुखाची अथवा दुःखाची वार्ता आली असे समजून मंडळी हातातले काम टाकून धावत. वाजणाऱ्या फोनास उत्तर दिलेच पाहिजे, ही सवय आपल्या वडीलधाऱ्यांच्या अंगी तेव्हापासून मुरली आहे. आज फोन प्रत्येकाच्या खिशात आला, परंतु सवय जुनीच राहिली. या सवयीवर उपजीविका करणारा एक भामटा आपल्या घरांत शिरू पाहत आहे. त्याची ओळख करून द्यावी, या हेतूने आम्ही हा पाठ लिहीत आहोत.

आरंभी एक हकीकत सांगतो. ती गतवर्षी आमच्या एका विद्यार्थ्याच्या घरी घडली. त्या कुटुंबाच्या अनुमतीने, नावगाव न सांगता, ती येथे देत आहोत.

या विद्यार्थ्याचे आजोबा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. आयुष्यात कोणाचा एक पैसा न बुडविलेले गृहस्थ. एके दिवशी सकाळी त्यांना फोन आला. 'तुमच्या नावाने परदेशी पाठविलेल्या पार्सलात अमली पदार्थ सापडले आहेत,' असे पलीकडचा मनुष्य हिंदीत म्हणाला आणि त्याने तो फोन 'पोलीस अधिकाऱ्याकडे' जोडून दिला. मग व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर गणवेशातला मनुष्य, त्याच्या मागे भिंतीवर राजमुद्रा! त्याने दरडावून सांगितले, 'तुम्ही आता अटकेत आहात. कॅमेरा बंद करावयाचा नाही. घरात कोणाला एक अक्षर सांगावयाचे नाही. सांगाल तर त्यांनाही आरोपी करू. तुमचे पैसे आमच्या खात्यात तपासणीसाठी ठेवा. निर्दोष ठरलात की परत मिळतील.' आजोबांनी दोन दिवस अन्न गोड मानले नाही. बँकेत जाऊन त्यांनी नातीच्या शिक्षणासाठी ठेवलेली मुदतठेव मोडली आणि सारी रक्कम सांगितलेल्या खात्यात भरली. तिसऱ्या दिवशी तो फोन लागेनासा झाला, तेव्हा सारा प्रकार उघडकीस आला.

हे घडत असताना त्यांचा नातू शेजारच्या खोलीत बीजगणिताची उदाहरणे सोडवीत बसला होता. दोघांच्या मध्ये केवळ एक भिंत होती. पुढे तो आम्हांस म्हणाला, 'सर, आजोबांनी मला नुसती हाक मारली असती तर!'

त्यांनी हाक का मारली नाही, हाच या पाठाचा खरा प्रश्न आहे. आजोबा अडाणी नव्हते, लोभीही नव्हते. मग एवढा विचारी मनुष्य फसला कसा?

याचे उत्तर शोधताना इतिहासातील एक प्रकरण आठवते. सदाशिवरावभाऊ १७६१ साली पानिपतावर पडले. पुढे काही वर्षांनी 'मीच भाऊ' असे म्हणत एक मनुष्य पुढे आला. त्याला पकडून कैदेत ठेवण्यात आले. तेथून सुटल्यावर त्याने कोकणात फौज जमविली, किल्ले घेतले आणि मोठमोठी माणसे त्याला खरा मानू लागली. अखेर १७७६ साली तो पकडला गेला व त्याला देहान्त शिक्षा झाली. या तोतयाचे बळ त्याच्या तलवारीत नव्हते. भाऊ परत यावेत ही लोकांच्या मनातील इच्छा, हेच त्याचे बळ होते. आणि त्याची परीक्षा कशी झाली? खऱ्या भाऊंना जवळून ओळखणाऱ्या माणसांकडून चौकशी करवून! आजचा तोतया हे पुरते ओळखून आहे. म्हणूनच, ज्यांच्याकडून आपली परीक्षा होईल अशा जवळच्या माणसांपासून तो प्रथम आपल्याला तोडतो.

त्याची शस्त्रे तीन. पहिले शस्त्र भय अथवा लोभ. अटक होईल, खाते गोठेल, वीज तोडली जाईल, ही भीती. किंवा बक्षीस लागले, घरबसल्या नोकरी मिळाली, दामदुप्पट नफा होईल, ही लालूच. दुसरे शस्त्र घाई. 'दोन तासांत फोन बंद पडेल', 'आजच शेवटचा दिवस' असे म्हणून तो विचार करावयास अवधीच देत नाही. तिसरे आणि सर्वांत तीक्ष्ण शस्त्र गुप्तता, म्हणजे 'कोणाला सांगू नका.' सोंगे कितीही बदलोत, ही तीन शस्त्रे बदलत नाहीत. ज्या फोनात ही तिन्ही आढळतील, तो फोन तोतयाचाच समजावा.

कोणी म्हणेल, 'पण क्रमांक तर आपल्याच देशातला दिसत होता!' यातील मर्म समजून घ्या. पाकिटाच्या मागे पाठविणारा आपला पत्ता लिहितो. तो खरा की खोटा हे पोस्टमन तपासीत नाही. फोनचेही बरेचसे तसेच आहे. इंटरनेटच्या मार्गाने परदेशातून फोन करणारा आपल्याला हवा तो क्रमांक समोरच्या पडद्यावर उमटवू शकतो. असे बनावट क्रमांकांचे परदेशी फोन वाटेतच अडविणारी यंत्रणा केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू केली, तेव्हा पहिल्या चोवीस तासांतच सुमारे १ कोटी ३५ लक्ष फोन अडविले गेले. या एका आकड्यावरून पुराची कल्पना यावी. शिवाय आपले नाव, पत्ता वा बँकेचे नाव समोरच्याला ठाऊक आहे, एवढ्यावरून तो खरा ठरत नाही. आपण ठिकठिकाणी भरून देत असलेल्या तपशिलांतून अशी माहिती फुटत असते. आता तर यंत्राच्या साहाय्याने ओळखीच्या माणसाच्या आवाजाचीही नक्कल करता येते. तेव्हा 'मामा बोलतोय, अडचणीत आहे, पैसे पाठव,' असा फोन आला तर तो ठेवून द्यावा आणि मामांच्या आपल्याला ठाऊक असलेल्या क्रमांकावर आपण होऊन फोन करावा.

आता काही गोष्टी पाठच कराव्यात. फोनवरून अथवा व्हिडिओवरून अटक करण्याची कोणतीही तरतूद आपल्या कायद्यात नाही. 'डिजिटल अरेस्ट' हा शब्द भामट्यांनी घडविलेला आहे. पंतप्रधानांनीही २७ ऑक्टोबर २०२४ रोजीच्या आपल्या आकाशवाणीवरील भाषणात देशाला हेच सांगितले होते. कोणतेही पोलीस ठाणे वा न्यायालय तपासणीसाठी पैसे खात्यात भरावयास सांगत नाही. बँकेचा खरा नोकर ओटीपी, म्हणजे एकदाच वापरावयाचा परवलीचा अंक, कधीही विचारीत नाही. तो अंक म्हणजे घराची किल्ली होय. यूपीआयचा पिन पैसे देण्याकरिता लागतो, पैसे घेण्याकरिता नव्हे. 'पैसे मिळविण्यासाठी पिन दाबा,' असे जो सांगेल तो आपल्याच हाताने आपला खिसा कापवीत आहे असे समजावे. फोनवरच्या माणसाच्या सांगण्यावरून कोणतेही ॲप उतरवून घेऊ नये. काही ॲपांमुळे आपला पडदा समोरच्याला जसाच्या तसा दिसू लागतो.

चोरीचे फोन व नुसते त्रासाचे फोन यांतील भेदही ध्यानात घ्यावा. दुपारच्या विश्रांतीच्या वेळी कर्ज घ्या, भूखंड घ्या, असे सांगणारा प्रत्येक जण चोर नसतो. तो व्यापारी असतो. त्याच्याकरिता १९०९ हा क्रमांक आहे. त्यावर फोन करून अथवा संदेश पाठवून आपल्याला सर्व जाहिराती नकोत, की बँक, जमीनजुमला, शिक्षण यांसारख्या ठरावीक विषयांच्याच नकोत, हे नोंदविता येते. जाहिरातीच्या फोनांसाठी १४० ने आरंभ होणारे क्रमांक ठरवून दिलेले आहेत, तर बँका व विमा यांसारख्या वित्तसंस्थांच्या कामकाजाच्या फोनांकरिता १६०० ने आरंभ होणारे क्रमांक राखून ठेवले आहेत. साध्या दहा आकडी क्रमांकावरून कोणी जाहिरात केल्यास १९०९ वर तक्रार करावी. फसवणुकीचा नुसता संशय आला, पैसे गेले नाहीत, तर 'संचार साथी' या सरकारी संकेतस्थळावरील 'चक्षू' या सोयीने तो क्रमांक कळवावा. क्रमांक अडविण्याची व अनोळखी फोनांचा आवाज बंद ठेवण्याची सोय बहुतेक स्मार्टफोनांतच असते. ती आजीआजोबांच्या फोनवर तुम्ही करून द्यावी. मात्र हे सारे कुंपण आहे, घराची भिंत नव्हे. रोज नवा क्रमांक घेऊन येणाऱ्यापुढे कुंपण अपुरेच पडावयाचे.

एवढे करूनही कोणी फसलाच, तर काय करावे? तत्क्षणी १९३० या क्रमांकावर फोन करावा. चोरलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात झरझर पांगविले जातात. १९३० वर वेळेवर वर्दी गेली तर मधल्या बँकेत ते अडवून ठेवता येतात. येथे घटका-घटकेला महत्त्व आहे. सोबत आपल्या बँकेलाही कळवावे, आलेले संदेश व क्रमांक पुसून न टाकता जपून ठेवावेत आणि पोलिसांत रीतसर तक्रार द्यावी. तोतयेगिरी करून संगणक वा फोनद्वारा फसविणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ड अन्वये तीन वर्षांपर्यंत कैद व दंडाची शिक्षा आहे. मोठ्या विद्यार्थ्यांसाठी आणखी एक इशारा द्यावासा वाटतो. थोड्या पैशांच्या आमिषाने आपले बँकखाते वा सिमकार्ड दुसऱ्यास वापरावयास देऊ नये. चोरीचा पैसा अशाच भाडोत्री खात्यांतून फिरतो आणि पोलीस प्रथम त्या खातेदाराच्याच दारी येतात.

परंतु वर सांगितलेल्या आजोबांनी तिसऱ्या दिवशीसुद्धा १९३० लावला नाही. घरच्यांना कळल्यावरही ते दोन दिवस 'आता बोभाटा नको' असेच म्हणत राहिले. त्यांना पैशांपेक्षा अब्रूची चिंता अधिक होती. 'एवढा शिकलेला मनुष्य, आणि फसला!' असे लोक म्हणतील ही भीती! भामट्याने उभारलेली भिंत अशा रीतीने लाजेने आणखी उंच केली आणि पैसे परत मिळण्याची वेळ निघून गेली. घरात चोर शिरला तर आपण चोराला दोष देतो, घरमालकाला हसत नाही. मग येथेच फसलेल्याला का हसावे?

आमच्या मातोश्री फोंडा तालुक्यातील आमच्या गावी राहतात. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंतचे. बोलणे सारे कोकणीतून. मध्यंतरी त्यांनाही 'बँकेतून' फोन आला. खाते बंद पडेल, आताच्या आता अंक सांगा, असा हट्ट चालला होता. मातोश्रींना त्याची हिंदी निम्मीच कळली. त्या शांतपणे म्हणाल्या, 'मात्शें रावात, म्हज्या पुताक विचारतां.' म्हणजे, जरा थांबा, माझ्या मुलाला विचारते. पलीकडच्याने फोन आपटला! आम्ही पदवी घेतली, परंतु या विषयावर याहून चांगला धडा आम्हांस कोठे मिळालेला नाही. 'जरा थांबा' म्हणताच घाईचे शस्त्र बोथट झाले, 'मुलाला विचारते' म्हणताच गुप्ततेचे. आणि ज्या भीतीत दुसरा वाटेकरी होतो, ती भीती निम्मी होते.

म्हणून, विद्यार्थी मित्रहो, या पाठाचा घरचा अभ्यास असा. आज रात्री जेवताना घरातील सर्वांना, विशेषतः आजीआजोबांना, ही हकीकत वाचून दाखवा. १९३० व १९०९ हे दोन क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळच्या भिंतीवर लावा. 'अनोळखी फोनवर पैशांची गोष्ट निघाली की फोन ठेवायचा आणि घरात एकाला तरी सांगायचे,' असा नियम सर्वांनी मिळून करा. आणि एक गोष्ट मात्र विसरू नका. आजोबा फोनमधले काही विचारावयास आले, तर 'तुम्हांला यातले काही कळत नाही' असे म्हणून त्यांना परतवू नका. आज अशा क्षुल्लक गोष्टीसाठी ज्याला हसून वाटेस लावले, तो उद्या संकटात हाक मारणार नाही. तुम्हांला अक्षर ओळखावयास शिकविताना त्यांनी एकच धडा शंभर वेळा सांगितला होता. आता शंभर वेळा सांगण्याची पाळी तुमची आहे.