कातीव लाकडाला लाख आणि मेण

घरातल्या पाळण्याकडे जरा पाहा. त्याचे खांब गोल, मधे फुगीर, टोकाला निमुळते असतात. पांगुळगाड्याचे दांडे, मुलाचा भोवरा, पलंगाचे पाय, ताक घुसळायची रवी, या सगळ्या वस्तू कातीव आहेत. लाकूड चरकावर गरगर फिरतं, कातारी त्याला पटाशी लावतो आणि नको तेवढं लाकूड उतरवतो. चरकाला आता पुष्कळ ठिकाणी लेथ म्हणतात. पूर्वी दोरी ओढायला एक माणूस आणि हत्यार धरायला दुसरा, अशी दोन माणसं लागत. आता मोटर आली, दोरी गेली.

पण वस्तू कातून झाली म्हणजे काम संपलं का? नाही. कोरं लाकूड घाम पितं, तेल पितं, मळ धरतं. पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आवळतं. चार महिन्यांत नवा पाळणा जुना दिसू लागतो. म्हणून लाकडावर काही तरी पातळ आवरण हवं. आपल्याकडे त्यासाठी दोन जिन्नस फार जुन्या काळापासून वापरात आहेत. एक लाख, दुसरं मेण. गंमत अशी, की दोन्ही जिन्नस किड्यांनीच दिलेले आहेत. मेण मधमाशीचं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. लाखेचं मात्र पुष्कळांना ठाऊक नसतं.

लाख हा झाडाचा डिंक नाही. पळस, बोर आणि कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर अगदी बारीक तांबडे किडे चढतात. सोंड फांदीत खुपसतात आणि रस पितात. मादी एकदा बसली की जन्मभर तिथून हलत नाही. तिच्या अंगातून चिकट रस पाझरतो, तो वाळतो, आणि फांदीभोवती कवच तयार होतं. तीच लाख. असे लाखो किडे एका फांदीवर, म्हणून लाख, असं जुनी माणसं सांगतात. झारखंड, छत्तीसगड, मध्य प्रदेश या भागांत लाखेचं पीक मोठं. आपल्या गोंदिया-गडचिरोलीकडेही ती होते. रांचीजवळ नामकुमला लाखेचा अभ्यास करणारी सरकारी संस्था १९२४ साली निघाली. तिचं नाव पुढे बदललं, पण संस्था आजही आहे.

फांदीवरून खरवडलेली ती काडी लाख. ती कुटून, धुऊन घेतली की तांबडा रंग पाण्यात जातो आणि दाणा लाख उरते. दाणा लाख लांब कापडी पिशवीत भरून विस्तवासमोर धरतात आणि पिशवी पिळतात. आतून वितळलेली लाख बाहेर येते. ती गरम असतानाच ताणून पातळ पत्रा करतात. पत्रा गार झाला की त्याचे तुकडे करतात. हीच बाजारातली चपडी लाख. उजेडात धरली तर मधासारखी दिसते.

आता ही लाकडावर चढवायची कशी? रीती दोन आहेत.

पहिली रीत सावंतवाडीची. तिथली लाकडी फळं आणि खेळणी तुम्ही जत्रेत पाहिली असतील. बंगळूर-म्हैसूर रस्त्यावर चन्नपटण म्हणून गाव आहे, तिथेही हेच काम चालतं. लाखेत रंग घालून तिची कांडी करून ठेवतात. खडूची असते ना, तशी. कातलेली वस्तू चरकावरून काढायची नाही. आधी बारीक पॉलिश कागदानं घासून गुळगुळीत करायची. मग चरक वेगानं फिरवायचा आणि कांडी लाकडावर दाबून धरायची. घासल्यानं उष्णता होते, लाख वितळते आणि लाकडावर चढते. विस्तव नाही, कुंचला नाही. फिरणं हाच विस्तव!

पण ही लाख सारखी चढत नाही. कुठे जाड, कुठे पातळ. तिथे केवड्याचं पान उपयोगी पडतं. पानाचे काटे काढतात, पट्टी कापतात, तेलाचं बोट लावतात आणि फिरत्या वस्तूवर दाबतात. लाख पुन्हा जरा मऊ होते, पसरते, आणि पाहता पाहता आरशासारखी चमक येते. कापडानं ही चमक येत नाही, आणि कापड लाखेला चिकटतं. पान कडक, घट्ट आणि गुळगुळीत असतं म्हणून ते चालतं. ही युक्ती ज्यानं पहिल्यांदा काढली त्याला आम्ही मनातून हात जोडतो.

एक अट मात्र आहे. लाकूड वाळलेलं हवं. ओल्या लाकडावर लाख चढवली, तर लाकूड पुढे आवळतं, तडकतं, आणि लाखेचे पापुद्रे सुटतात. गिऱ्हाईक वस्तू घेऊन परत येतं. मग दोष लाखेला देऊन उपयोग काय?

आता रंगाबद्दल बोलू. इथे आम्हाला जरा जास्त सांगायचं आहे. लाख स्वतः निरुपद्रवी आहे. औषधाच्या गोळ्यांवर आणि काही मिठाईवर शुद्ध केलेल्या लाखेचा पातळ थर देतात. पण लाखेत कोणता रंग घातला, हे पाहायला हवं. शेंदूर म्हणजे शिसं. हिंगुळात पारा आहे. हरताळात सोमल आहे, आणि पिवळेपणासाठी पूर्वी चपडी लाखेतसुद्धा हरताळ घालत. मूल हातात आलेली वस्तू आधी तोंडात घालतं. शिसं थोडं थोडं पोटात गेलं, तर लगेच काही दिसत नाही. ताप येत नाही, उलटी होत नाही. पण मुलाच्या मेंदूची वाढ खुंटते, आणि गेलेलं परत येत नाही. देवाला शेंदूर चालतो, भोवऱ्याला चालत नाही.

मग घालायचं काय? पिवळ्यासाठी हळद, निळ्यासाठी नीळ, केशरीसाठी शेंदरीच्या झाडाचं बी. शेंदूर वेगळा आणि शेंदरी वेगळी, हे विसरू नका. शेंदरी हे झाड आहे. चन्नपटणला असे वनस्पतींचे रंग आजही वापरतात. ते जरा फिके असतात, उन्हात उतरतातही. उतरू द्या. तयार रंग विकत घेणार असाल, तर डब्यावरचा मजकूर वाचा. घरगुती रंगात शिसं दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं, असा नियम आपल्या देशात २०१६ साली झाला. 'शिसे नाही' असं डब्यावर लिहिलेलं नसेल, तर दुकानदाराला विचारा. त्याला उत्तर देता आलं नाही, तर डबा तिथेच ठेवा.

दुसरी रीत स्पिरिटची. पलंगाचे पाय, खुर्चीचे हात, कपाटाच्या मुठी यांना ही बरी. लाख पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळते. एक लिटर स्पिरिटला सव्वाशे ग्रॅम चपडी लाख घ्या. लाख कुटून काचेच्या बरणीत घाला, वरून स्पिरिट ओता, झाकण घट्ट लावा. अधूनमधून हलवा. दुसऱ्या दिवशी तलम फडक्यातून गाळा. लोखंडी डबा वापरू नका. लोखंडानं पॉलिश काळवंडतं.

बरणीवर तारीख लिहा. आता तुम्हाला लिहिता येतं, मग लिहा! कारण हे मिश्रण जुनं झालं की वाळत नाही, चिकट राहतं. सहा महिन्यांपुढे त्यावर भरवसा ठेवू नये. शंका आली तर काचेवर एक थेंब पसरून पाहा. तासाभरानंही बोटाला चिकटला, तर ते पॉलिश लाकडाला लावू नका.

पहिला हात पातळ द्या. लाकडाचे रवे उभे राहतील. ते वाळल्यावर हलक्या हातानं घासा. मग दुसरा, तिसरा, चौथा हात. पाच पातळ हात एका जाड हातापेक्षा चांगले. घाईनं जाड लावलं की सुरकुत्या पडतात. आणि भर पावसात हे काम करू नका. हवेतली ओल थरात अडकते आणि पांढुरके डाग उठतात. कोकणातल्या कारागिराला हे सांगायला नकोच. तो आषाढात कातकाम करतो आणि पॉलिशला उघडीप पाहतो.

स्पिरिट लवकर पेटतं. लाखही पेटते. लाक्षागृहाची गोष्ट तुम्ही कीर्तनात ऐकली असेल. चूल, विडी, दिवा दूर ठेवा, आणि दार उघडं ठेवून काम करा. आणखी एक. पॉलिशचं स्पिरिट म्हणजे दारू नव्हे. त्यात पुष्कळदा मिथेनॉल घातलेलं असतं. ते पोटात गेलं तर डोळे जातात, जीवही जातो. २०१५ च्या जून महिन्यात मुंबईत मालवणीला मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन शंभरावर माणसं मेली. म्हणून स्पिरिट पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधी ठेवू नका. बाटलीवर मोठ्या अक्षरात 'विष' लिहा आणि ती उंच फळीवर ठेवा.

चरकाजवळ कापडाची भीती आहे. पॉलिश किंवा मेण लावताना फडकं बोटांना गुंडाळू नका. फिरत्या वस्तूनं ते ओढलं, तर बोटं बरोबर जातात. लहानसा बोळा चिमटीत धरा. ओढला गेला तर जाऊ द्या. सदऱ्याच्या बाह्या वर करा. बाईमाणूस काम करत असेल, तर पदर खोचून घ्यावा, बांगड्या काढाव्यात, वेणी बांधून घ्यावी.

आता मेण. मेण एकट्यानं फार काही राखत नाही. त्याचा थर मऊ, पाण्याचा थेंब त्यावर डाग पाडतो. पण लाखेवर मेणाचा हात दिला, की चमक सौम्य होते, वस्तू हाताला मऊ लागते. क्रम लक्षात ठेवा. आधी लाख, मग मेण. मेणावर लाख नीट धरत नाही. लाख पूर्ण वाळली की फिरत्या वस्तूला मेणाचा खडा टेकवा, मग कोरड्या बोळ्यानं दाबा. मेण साधारण ६३ अंशांना वितळतं, म्हणून घासण्याच्या उष्णतेनंच पसरतं. मेणबत्तीचं मेण वापरू नका. ते फार मऊ असतं, त्यावर बोटांचे ठसे उठतात.

चरकावर नसलेल्या वस्तूला मेणाचा लेप करा. एक भाग मेण किसून दोन ते तीन भाग टर्पेंटाईनमध्ये घाला. भांडं गरम पाण्यात ठेवा. विस्तवावर मुळीच नको. पाणी आधी गरम करून चुलीपासून लांब न्या, मग त्यात भांडं ठेवा.

कुणी विचारतं, "काका, लाटण्याला लाख लावून द्या ना, छान दिसेल." शहाणा कातारी म्हणतो, "नको, ताई. लाटणं तुम्ही रोज धुणार. लाख पांढरी पडेल, पापुद्रे पिठात येतील. त्याला खायचं तेल चोळा, पुरे." हे बरोबर आहे. लाख ७५ ते ८० अंशांच्या आसपास वितळते, आणि त्याआधीच मऊ पडते. म्हणून चहाचा कप ठेवायच्या चौरंगालाही ती बरी नाही.

बाजारात आता यंत्रानं फवारायचे कडक रोगण मिळतात. ते पाण्याला आणि गरम कपाला जास्त टिकतात, हे खरं. पण त्यांचा एक कोपरा उडाला की सगळा थर खरवडावा लागतो. लाखेचं तसं नाही. नवा हात जुन्या थरात विरघळून एक होतो. आजोबांच्या वेळच्या पलंगाचा पाय काढा, कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्यानं मळ पुसा, टर्पेंटाईननं जुनं मेण काढा आणि वाळू द्या. मग बोळ्याला स्पिरिट नुसतं दाखवा, ओलं करू नका, आणि पांढऱ्या डागावरून हलकेच, न थांबता फिरवा. बोळा एका जागी थांबला तर तिथली लाख निघून येते. डाग गेला की एक पातळ हात लाखेचा, आणि दोन दिवसांनी मेण.