मास्टरिंगमध्ये इक्वलायझर : वाढवण्याआधी कापायला शिका

नात, हम्द, कव्वाली आणि बयान यांचे ध्वनिमुद्रण करून देणारे आमचे अनेक बांधव आहेत. कॅसेटचा जमाना गेला, पण काम संपले नाही; ते आता संगणकावर होते. तक्रार मात्र जुनीच आहे. आवाज चांगला असूनही शेवटच्या टप्प्यात इक्वलायझर बेसुमार फिरवला जातो, शब्द कर्कश होतात आणि गिऱ्हाईक पैसे देताना कुरकुरते. म्हणून या वेळी आम्ही हा विषय घेतला आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मिक्सिंगमध्ये गायक, हार्मोनियम, ढोलक वेगवेगळे असतात. मास्टरिंगमध्ये सर्व एकाच फाइलीत आलेले असते. गायकाचा आवाज खुलावा म्हणून एखादा पट्टा वाढवला, तर त्याच पट्ट्यातील हार्मोनियमही वाढते. म्हणून येथे १ ते २ डेसिबलचा फरक पुष्कळ झाला. ३ डेसिबलपेक्षा जास्त लागत असेल, तर दोष मिक्सिंगमध्ये आहे असे समजून तिकडे परत जावे.

पॅरामेट्रिक इक्वलायझरला तीन नियंत्रणे असतात : कोणता पट्टा, किती डेसिबल आणि किती रुंदी. रुंदीला ‘क्यू’ म्हणतात. क्यू जितका मोठा, तितका पट्टा अरुंद. कापताना पट्टा अरुंद आणि वाढवताना रुंद ठेवावा, असा कारागिरांचा साधारण रिवाज आहे.

माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. त्यातील दोषांच्या जागा अशा :

• ३० हर्ट्झखाली : माइकच्या स्टँडची धडधड. कापून टाकावी. नुसते बयान असेल, तर ८० हर्ट्झपर्यंत कापले तरी चालते. ढोलक असेल तर नाही.

• ५०, १०० आणि १५० हर्ट्झ : आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने गुणगुण येथे सापडते. अरुंद पट्ट्याने कमी होते, पण खरा इलाज अर्थिंग दुरुस्त करणे हाच.

• २०० ते ४०० हर्ट्झ : कोंदटपणा. येथे १ डेसिबल कापले तरी शब्द मोकळे होतात.

• २,००० ते ४,००० हर्ट्झ : शब्दांची स्पष्टता. कान येथेच सर्वांत तीक्ष्ण असतो, म्हणून थोडे जास्त झाले की आवाज टोचतो.

• ५,००० ते ८,००० हर्ट्झ : ‘स’ आणि ‘श’ची शिट्टी. ती कायम नसते, म्हणून येथे डी-एसर अधिक योग्य.

वाढवण्यापूर्वी फाइलीची पातळी ३ डेसिबलने उतरवावी, नाहीतर आवाज फाटतो. लिमिटर नंतर लावावा. इक्वलायझर बंद-चालू करून तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवावा. जे मोठे ते चांगले, असे कान फसतात. बेल लॅबोरेटरीजचे फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवले की, आवाज लहान असला की कानाला खर्ज कमी ऐकू येतो. त्यामुळे एकच मध्यम पातळी ठरवून काम करावे. शेवटी स्पीकर, इअरफोन आणि साधा मोबाइल या तिन्हींवर ऐकावे. मोबाइलच्या लहान स्पीकरमधून खर्ज निघतच नाही. त्यासाठी खर्ज वाढवणे म्हणजे इतर ठिकाणी काम बिघडवणे.

खर्चाची सबब नको. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर मोफत मिळते आणि त्यात ग्राफिक व वक्ररेषेचा असे दोन्ही इक्वलायझर आहेत. मग चोरीच्या सॉफ्टवेअरवर हलाल रोजी कशाला कमवायची?

आणखी एक. माइकने जे पकडलेच नाही, ते इक्वलायझर आणू शकत नाही. हॉलमधला घुमाराही तो काढत नाही. हे गिऱ्हाइकाला पैसे घेण्यापूर्वी सांगावे. मूळ फाइल हात न लावता वेगळी जपून ठेवावी, कारण ती त्याची अमानत आहे. आज एक काम हातचे गेले तरी चालेल. सचोटीने वागणाऱ्याकडे तोच माणूस पुढच्या कामाला चार जणांना घेऊन येतो. अल्लाह आपल्या धंद्यात बरकत देवो.