अंड्यांची प्रत आणि वनस्पतिजन्य पूरक खाद्य



अंड्यावरील कोंबड्यांच्या एकूण खर्चापैकी सुमारे दोनतृतीयांश खर्च खाद्यावर होतो. त्यामुळे शेवग्याचा पाला, लसूणघास, झेंडूच्या पाकळ्या, जवस, अ‍ॅझोला असे शेतावर मिळणारे पदार्थ खाद्यात घालण्याकडे अनेकांचा कल असतो. हे पदार्थ उपयोगी आहेत. मात्र प्रत्येकाचे काम वेगळे आहे आणि प्रत्येकाला मर्यादा आहे. ती ओलांडली तर बलक पिवळाधमक होतो, पण अंडी घटतात. म्हणून पूरक खाद्य निवडण्यापूर्वी आपल्या अंड्यात नेमके काय उणे आहे ते पाहावे.

बलक फिका असल्यास

बलकाचा पिवळा रंग झँथोफिल या रंगद्रव्यामुळे येतो. कोंबडी ते स्वतः तयार करू शकत नाही. ते खाद्यातूनच मिळावे लागते. पिवळ्या मक्यात ते असते. ज्वारी, बाजरी व तांदळाच्या कणीत ते फारच कमी असते. मका महाग झाला म्हणून ज्वारी किंवा कणी वाढवली की बलक फिका पडतो तो यामुळेच. अशा वेळी पुढीलपैकी एक पदार्थ 100 किलो खाद्यात मिसळावा.

1. झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्यांची पूड : अर्धा ते एक किलो.
2. शेवग्याच्या पाल्याची पूड : 2 ते 3 किलो, 5 किलोपेक्षा जास्त नको.
3. लसूणघासाची पूड : 2 ते 3 किलो, 5 किलोपेक्षा जास्त नको.
4. सुबाभळीच्या पाल्याची पूड : 2 किलोपर्यंत. यात मायमोसिन हे अपायकारक द्रव्य असते, म्हणून जास्त देऊ नये.

पाला सावलीत वाळवावा. कडक उन्हात रंगद्रव्य नष्ट होते. पाला हातात कुरकुरीत चुरेपर्यंत वाळला पाहिजे. दमट पूड साठवल्यास बुरशी येऊन विषबाधेचा धोका असतो. नुकत्याच औषध फवारलेल्या पिकाचा पाला किंवा फुले वापरू नयेत. हळद पिवळी असली तरी तिचा रंग झँथोफिलचा नाही, त्यामुळे बलकाच्या रंगासाठी तिच्यावर भिस्त ठेवू नये.

कवच पातळ असल्यास

येथे पाल्याचा उपयोग नाही. कवचाचा सुमारे 95 टक्के भाग कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि एका अंड्याच्या कवचात 2 ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. खाद्यातील सगळे कॅल्शियम अंगी लागत नाही, म्हणून कोंबडीला रोज साधारण 4 ग्रॅम लागते. खाद्यात ते साडेतीन ते चार टक्के असावे. कवच मुख्यतः रात्री तयार होते. त्यासाठी शिंपल्याचा जाडसर चुरा संध्याकाळी द्यावा. तो पोटात हळूहळू विरघळतो व रात्रभर पुरतो.

उन्हाळ्यात कोंबड्या धापा टाकतात आणि खाद्य कमी खातात, त्यामुळेही कवच पातळ होते. त्या दिवसांत थंड पाणी द्यावे आणि खाद्य पहाटे व संध्याकाळी द्यावे. पातळ व वेडीवाकडी अंडी एकाएकी वाढली तर रोगाची शंका घेऊन पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवावे.

जवस व अ‍ॅझोला

जवसामुळे बलकात ओमेगा-3 स्निग्धाम्लांचे प्रमाण वाढते. विदर्भातील जवस उत्पादकांना हा उपयोग ध्यानात घेण्यासारखा आहे. 100 किलो खाद्यात भाजून भरडलेले 5 किलो जवस पुरेसे आहे. जास्त दिल्यास अंड्याला माशासारखा वास येऊ शकतो. भरड लवकर खवट होते, म्हणून एका आठवड्यापुरतीच करावी.

ताज्या अ‍ॅझोलात 90 टक्क्यांहून अधिक पाणी असते. त्याने पोट भरले तर कोंबडी मुख्य खाद्य कमी खाते. परसातील वनराज, गिरिराज या कोंबड्यांना तो स्वच्छ धुऊन दुपारी थोडा द्यावा. पिंजऱ्यातील कोंबड्यांचा आहार अ‍ॅझोलावर अवलंबून ठेवू नये.

सरकी पेंड टाळा

स्वस्त मिळते म्हणून सरकीची पेंड अंड्यावरील कोंबड्यांना देऊ नये. तिच्यातील गॉसिपॉलमुळे बलक हिरवट तपकिरी होतो. साठवलेल्या अंड्यांचा पांढरा बलक गुलाबी होण्याचाही संभव असतो. अशी अंडी गिऱ्हाईक परत करते आणि एकदा तुटलेले गिऱ्हाईक पुन्हा जोडणे कठीण असते.

मिसळण्याची रीत

100 कोंबड्यांना रोज सुमारे 11 किलो खाद्य लागते. म्हणजे 2 टक्के पूड घालायची तर रोज 220 ग्रॅम पुरते. ती मुठीने न टाकता वजन करूनच घ्यावी. आधी ती दोन किलो भरडलेल्या मक्यात एकजीव करावी व मग उरलेल्या खाद्यात मिसळावी. खाद्य घरी तयार करत असाल तर पूड जितकी घालाल तितका कोंडा कमी करावा. मका व सोयाबीन पेंड कमी करू नये.

स्वतः पडताळून पाहा

सर्व कळपाला एकदम नवीन खाद्य देऊ नका. 20 कोंबड्या वेगळ्या काढून त्यांनाच पूरक खाद्य द्या आणि तेवढ्याच दुसऱ्या कोंबड्या नेहमीच्या खाद्यावर ठेवा. एका वेळी एकच बदल करा. बलक तयार होण्यास सुमारे दहा दिवस लागतात, म्हणून रंगाचा पूर्ण फरक दोन आठवड्यांनी दिसतो. चाचणी तीन आठवडे चालू ठेवून रोज चार गोष्टी वहीत लिहा : खाल्लेले खाद्य, मिळालेली अंडी, तडकलेली अंडी आणि पूरक खाद्याचा खर्च. दर आठवड्याला दोन्ही गटांतील तीन-तीन अंडी पांढऱ्या बशीत फोडून शेजारी ठेवा. बलकाचा रंग पाहा. पांढरा बलक घट्ट उभा राहतो की पाण्यासारखा पसरतो तेही पाहा. पसरत असेल तर बहुधा अंडी शिळी आहेत किंवा उष्ण जागी ठेवलेली आहेत. तो दोष खाद्याने दूर होणार नाही.

बलक सुधारला, पण अंडी घटली, तर प्रमाण निम्मे करा. एका अंड्यामागे झालेला जादा खर्च जादा मिळालेल्या भावातून निघत असेल, तरच ते पूरक खाद्य सर्व कळपाला सुरू करा.