हितंच तर जायाचं हाय

कोल्हापूरच्या माणसाला सक्ती सोसत नाही, आणि मला त्याचा अभिमान आहे. प्रा. एन. डी. पाटील सरांच्या मागे उभं राहून या शहरानं रस्त्यावरचा टोल घालवला. डिसेंबर 2015 मध्ये सरकारला तो रद्दच करावा लागला. माझे धाकटे दीर त्या काळात कामाचा खाडा पडला तरी मोर्चाला जायचे. त्यामुळे 2017 साली तेव्हाचे विशेष पोलीस महानिरीक्षक विश्वास नांगरे पाटील यांनी कोल्हापूर परिक्षेत्रात हेल्मेटसक्ती जाहीर केली, तेव्हा आमच्या घरात काय बोललं गेलं असेल याचा अंदाज कुणालाही यावा.

"वहिनी, डोकं माझं, गाडी माझी. फुटलं तर माझं फुटंल. सरकारचं काय जातंय?"

भाऊजी हे मनापासून म्हणायचे. हे वाक्य उडवून लावण्यासारखं नाही, असं मला तेव्हाही वाटायचं आणि आजही वाटतं. ज्या कृतीनं दुसऱ्या कुणाला इजा होत नाही, तिच्यात सरकारनं हात घालावा का, हा प्रश्न खरा आहे. दीड वर्षानं, 1 जानेवारी 2019 पासून, पुण्यात सक्ती सुरू झाली तेव्हा तिथेही लोक रस्त्यावर उतरले, ते याच प्रश्नासाठी. फक्त या वाक्यातला 'माझं फुटंल' हा भाग किती खरा आहे, ते मी पुढं घरात बघितलं. म्हणून हे लिहिते आहे.

भाऊजी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मशीनवर होते. तिथं गेटवर हेल्मेट, गॉगल, बूट असल्याशिवाय आत पाऊल टाकू देत नाहीत. आठ तास, उन्हाळ्यातसुद्धा, भट्टीच्या धगीत ते हेल्मेट डोक्यावर असायचं. त्याबद्दल त्यांची कधी तक्रार ऐकली नाही. हायवेला लागताना गाडीवरचं हेल्मेटही ते घालायचे, कारण ट्रकची वाहतूक त्यांनी रोज बघितलेली. म्हणजे माणूस हट्टी नव्हता, बेपर्वा तर मुळीच नव्हता. घरी आल्यावर मात्र हेल्मेट खुंटीला अडकवलं जायचं आणि नंतरच्या सगळ्या फेऱ्या, म्हणजे दूध, भाजी, पोरांची शिकवणी, सकाळी तलावावर फिरायला जाणं, बोडक्या डोक्यानं व्हायच्या. कुणी टोकलं की उत्तर ठरलेलं, "हितंच तर जायाचं हाय."

कळंब्यात हे वाक्य घरोघरी आहे. आमचं गाव शहराला चिकटून, पण हद्दवाढीचा वाद कायम. सिग्नल आणि पोलीस शहरात, आपण गावात, असं इथं डोक्यात बसलेलं. गारगोटी रस्त्यानं ऊस, वाळू, एसटी, कॉलेजची पोरं सगळं एकाच वेळी जातं आणि त्याच रस्त्यावर आम्ही शेजारच्या गल्लीत गेल्यासारखे निघतो.

त्या संध्याकाळी आत्तींची, म्हणजे सासूबाईंची, रक्तदाबाची गोळी संपली होती. भाऊजी कोल्हापुरातल्या संभाजीनगरपर्यंत जाऊन गोळ्या घेऊन येत होते. आयटीआयच्या अलीकडे कुत्रं आडवं आलं, ब्रेक दाबला, गाडी घसरली आणि डोक्याची डावी बाजू रस्त्याच्या सिमेंटच्या कडेवर आपटली. वेग फारसा नव्हताच. लोकांनी उचललं, पाणी दिलं. ते उठले, गाडी चालू केली आणि स्वतः चालवत घरी आले. कोपर खरचटलेलं, कानाच्या वर एक टेंगूळ. गोळ्या आत्तींच्या हातात दिल्या, चहा घेतला. मग डोकं दुखतंय म्हणाले आणि आडवे झाले. थोड्या वेळानं उलटी झाली. "गोळ्या आणल्या न्हवं?" हा एकच प्रश्न ते पुन्हा पुन्हा विचारायला लागले.

आमच्या गल्लीत एक निवृत्त परिचारिका राहतात. आवाज ऐकून त्या आल्या, बॅटरीनं दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या बघितल्या आणि एवढंच म्हणाल्या, "झोपू देऊ नका, आत्ताच्या आत्ता हलवा." 108 ला फोन लागला. रुग्णवाहिकेत असतानाच भाऊजींची शुद्ध हरपत गेली. सीटी स्कॅन झालं, रात्रीच कवटी उघडावी लागली. त्या बाई आल्या नसत्या तर आम्ही भाऊजींना पांघरूण घालून सकाळपर्यंत झोपू दिलं असतं.

नंतर डॉक्टरांनी समजावलं ते प्रत्येक घरात माहीत असायला हवं. कानाच्या वरच्या भागात कवटीचं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतून एक रक्तवाहिनी जाते. तिथं तडा गेला की ती फाटते आणि हाड व मेंदूवरचं आवरण यांच्यामध्ये रक्त साठत जातं. सुरुवातीला माणूस उठतो, बोलतो, चालतो, गाडीसुद्धा चालवतो. साठलेलं रक्त मेंदूवर दाब टाकू लागलं की मग सगळं बिघडतं, आणि फार झपाट्यानं. म्हणून डोक्याला मार लागल्यावर वाढत जाणारी डोकेदुखी, उलटी, तोच तोच प्रश्न, असंबद्ध बोलणं, अनावर झोप, एक बाहुली मोठी दिसणं, फिट, नाकाकानातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव, यांतलं एकही लक्षण दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका. जिथं सीटी स्कॅन आणि मेंदूची शस्त्रक्रिया होते अशाच ठिकाणी न्या. वाटेत दोन दवाखाने फिरण्यात जो वेळ जातो, तोच जीवघेणा ठरतो.

"वेगच नव्हता, मग एवढं कसं?" हा प्रश्न भेटायला येणारा प्रत्येक जण विचारायचा. मी शाळेत विज्ञान शिकवते. दहावीच्या पहिल्याच धड्यात गुरुत्वाकर्षण आहे. गाडीवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटर उंच असतं. तिथून ते नुसतं खाली पडलं, गाडी जागेवर उभी असली तरी, जमिनीवर आदळताना त्याचा वेग ताशी सुमारे 20 किलोमीटर असतो. गाडीचा वेग त्यात धरलेलाच नाही. गल्लीतल्या सिमेंटला हायवेच्या डांबरापेक्षा कमी लागतं असं कुठलंही गणित सांगत नाही. हेल्मेटच्या आतला जाड थर्माकोल आदळताना चेपतो, डोकं थांबायला क्षणाचा काही अंश जास्त मिळतो आणि कवटीवर येणारं बल तेवढं घटतं. जगभरातले अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा की हेल्मेटमुळे मोटारसायकलस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे 69 टक्क्यांनी कमी होतो. शंभर टक्के कुणीच म्हणत नाही. पण भाऊजींना मार बसला तो नेमका तिथं, जिथं हेल्मेटचा कवच-भाग असतो.

भाऊजी वाचले. उजवा हात मात्र आता पूर्वीसारखा चालत नाही. शर्टाची बटणं जाऊबाई लावतात. शब्द आठवत नाहीत, मग ते चिडतात. पूर्वी पोरांवर कधी आवाज न चढवणारा माणूस ताट भिरकावतो आणि नंतर रडतो. मशीनवरचं काम गेलं. जाऊबाई गोकुळ शिरगावला एका कारखान्यात पॅकिंगला जातात. मोठ्या पुतणीनं बारावीनंतर बाहेरगावी जायचं रद्द केलं. आत्ती अजून म्हणतात, माझ्या गोळीपायी झालं. त्यांची समजूत कुणालाच काढता येत नाही.

आता 'माझं फुटंल' या वाक्याकडे पुन्हा बघा. निवड एकानं केली आणि ती रोज निभावतात पाच जण, ज्यांना कुणी विचारलंच नव्हतं. शिवाय हेल्मेटसक्तीनं भाऊजींचं जेवढं स्वातंत्र्य गेलं असतं, त्याच्या कितीतरी पट त्या एका आपटण्यानं गेलं. गाडी चालवणं, पगार कमावणं, मनासारखं बोलणं, एकट्यानं तलावावर जाणं. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यानं 2012 मध्ये 21 वर्षांवरच्या चालकांना हेल्मेट न घालण्याची मुभा दिली, पण अट घातली की किमान 20 हजार डॉलरचं वैद्यकीय विमासंरक्षण हवं. स्वातंत्र्याच्या बाजूनं कायदा करणाऱ्यांनाही खर्च कुणावर पडणार हे विचारावं लागलं. आपल्याकडे तो खर्च बायकोच्या गळ्यातल्यावर आणि भावाच्या पतसंस्थेच्या कर्जावर पडतो.

आपल्या न्यायालयातही हा वाद होऊन गेला आहे. 1988 मध्ये अजय कानू विरुद्ध भारत सरकार या खटल्यात आंध्र प्रदेशातल्या हेल्मेटच्या नियमाला मुक्त संचाराच्या हक्काच्या आधारे आव्हान दिलं गेलं. सर्वोच्च न्यायालयानं ते फेटाळलं. हा नियम संचार रोखत नाही, चालकाच्या जिवासाठीच आहे, असं म्हटलं. मोटार वाहन कायद्याचं कलम 129 गल्ली आणि हायवे असा फरक करत नाही. सार्वजनिक ठिकाणी चार वर्षांवरच्या प्रत्येकाला, मागे बसणाऱ्यालाही, हेल्मेट बंधनकारक आहे. पगडी बांधणाऱ्या शीख बांधवांना सूट आहे. 2019 च्या दुरुस्तीत हेल्मेट नसल्यास एक हजार रुपये दंड आणि तीन महिने परवाना अपात्र अशी तरतूद आली.

तरीही विरोध करणाऱ्यांचं एक म्हणणं मला पटतं. सक्ती मोहिमेसारखी येते आणि पाऊस थांबावा तशी ओसरते. चार दिवस चौकात पावत्या फाडल्या जातात, रस्त्याकडेला दीड-दोनशे रुपयांच्या टोप्यांचा बाजार भरतो, आणि ज्या गतिरोधकावर पट्टे नाहीत, ज्या खड्ड्यात दिवाळीपर्यंत पाणी आहे, ते तसेच राहतात. याविरुद्ध आंदोलन व्हायलाच हवं आणि मी त्यात येईन. दंडाच्या भीतीनं घेतलेलं हेल्मेट पोलिसासाठीच असतं. पोलीस मागे पडला की ते टाकीवर किंवा कोपरात जातं.

म्हणून घ्यायचं तर नीट घ्या. 1 जून 2021 पासून दुचाकीचं हेल्मेट आयएसआय चिन्हाशिवाय विकताच येत नाही. चिन्हाजवळ आयएस 4151 हा क्रमांक बघा. फाउंड्रीतलं किंवा बांधकामावरचं हेल्मेट रस्त्यावर चालत नाही. ते वरून पडणाऱ्या वस्तूसाठी असतं, कानाची बाजू उघडी राहते. नवी गाडी घेताना कंपनीनं प्रमाणित हेल्मेट द्यायचं असतं, ते मागून घ्या. कपाळावरून टेपनं डोक्याचं माप घ्या. हेल्मेट घालून मान हलवली की गालाची कातडीही हलली पाहिजे. पट्टा लावून मागच्या कडेनं वर ढकलून बघा, पुढं निघून आलं तर ते अपघातात आधीच उडून जाईल. पट्टा न लावलेल्या हेल्मेटची गतही तीच. रात्रीसाठी काच पारदर्शकच हवी. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बाद करा; आतला थर्माकोल एकदा चेपला की पुन्हा फुगत नाही.

केस गळतात, मान दुखते, ऐकू येत नाही, या तक्रारी मी नाकारत नाही. मान बहुतेक वेळा चुकीच्या मापामुळे दुखते. घामासाठी आत सुती रुमाल बांधा, अस्तर धुवा. हॉर्न ऐकू येतो, मी रोज ऐकते. बायकांना अंबाड्यावर हेल्मेट बसत नाही हे खरं. त्यासाठी मानेशी सैल वेणी घालावी लागते. गजरा पर्समधून न्यावा लागतो, हळहळ वाटते, पण नेते.

सगळ्यात दुर्लक्षित आहे ती मागची सीट. केंद्राच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये देशात हेल्मेट नसलेले 50,029 दुचाकीस्वार मेले, त्यांतले 14,337 मागे बसलेले होते. आपल्याकडे लग्नकार्याला निघताना नवऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट आणि बायको साडीत, एका बाजूला बसलेली, मांडीवर मूल, हे चित्र इतकं सवयीचं आहे की खटकत नाही. एका बाजूला बसलेल्या बाईला ब्रेक दाबताना धरायला काहीच नसतं. पदर खोचलेला हवा, चाकाला साडी गार्ड हवा, आणि दुसरं हेल्मेट हवं.

मुलांसाठी 15 फेब्रुवारी 2023 पासून वेगळा नियम लागू आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला मापाचं हेल्मेट आणि चालकाशी बांधून ठेवणारा पट्टा, आणि वेग ताशी 40 किलोमीटरपर्यंतच. दुकानदार मुलांची हेल्मेट मागवून देतात, फक्त मागणारे कमी आहेत.

आमच्या शाळेच्या फाटकावर सकाळी येणाऱ्या गाड्यांवर मोठ्यांचीच डोकी बोडकी असतात, मुलांची तर विचारायलाच नको. सगळे 'हितंच' राहणारे. मी पालकसभेत ताशी 20 किलोमीटरचं ते गणित फळ्यावर सोडवून दाखवते आणि भाऊजींची हकीगत सांगते. त्यांची परवानगी घेऊनच सांगते. पहिल्यांदा विचारलं तेव्हा शब्द जुळवायला वेळ लागला, पण "सांगा, वहिनी" म्हणाले. शिक्षकांना माझी विनंती आहे की जूनच्या पहिल्याच सभेत हा विषय घ्या. सूत्र दहावीच्या पुस्तकात आहे, आणि हकीगत सांगायला तुमच्या गावातही कुणीतरी असेलच. त्या घरी जाऊन आधी विचारा.