क्लोराइड आयन : सळईत आणि पेशीत

कोकणपट्टीतील जुन्या इमारतींच्या सज्जाखाली किंवा जिन्याच्या तळाशी पाहिल्यास गिलाव्याचे पोपडे सुटलेले, सळईच्या रेषेने काँक्रीटला भेग गेलेली आणि तीतून तांबूस ओघळ आलेले पुष्कळदा आढळतात. हा सारा पावसाचा प्रताप, असे सामान्यतः मानले जाते. पाणी आणि हवा यांच्याविना लोखंड गंजत नाही हे खरे; परंतु चांगल्या काँक्रीटमधील सळई ही दोन्ही असूनही वर्षानुवर्षे शाबूत राहते. समुद्रकाठी तिला गंजावयास लावणारा घटक बहुधा निराळाच असतो. तो म्हणजे मिठातील क्लोराइड आयन.

मीठ पाण्यात विरघळले की त्याचे सोडियम व क्लोराइड असे दोन विद्युतभारित कण सुटे होतात. त्यांपैकी ऋणभारित कण हा क्लोराइड आयन होय. समुद्राच्या एक लिटर पाण्यात तो सुमारे १९ ग्रॅम असतो.

सिमेंट व पाणी यांच्या संयोगातून चुना मोकळा होतो आणि त्यामुळे काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतील पाणी तीव्र अल्कधर्मी राहते. त्याचा सामू १२.५ च्याही वर असतो. अशा पाण्यात पोलादावर ऑक्साइडचा अवघा काही नॅनोमीटर जाडीचा थर बसतो व तोच सळईचे कवच ठरतो. क्लोराइड आयन हे कवच एखाद्या ठिकाणी भेदतो. तेवढ्या ठिपक्यात लोह विरघळू लागते. त्याचा पाण्याशी संयोग होऊन तेथे अम्ल तयार होते आणि लोहाच्या धनभारामुळे आणखी क्लोराइड तिकडे ओढले जाते. विशेष म्हणजे या साऱ्या व्यवहारात क्लोराइड फारसे खर्चीच पडत नाही. लोहाचा गंज होतो, क्लोराइड पुन्हा मोकळे होऊन पुढच्या कामास लागते. म्हणूनच त्याचे अल्प प्रमाणही घातक ठरते. गंजाचे आकारमान मूळ लोहाच्या दोन ते सहा पट असल्यामुळे काँक्रीट आतून फुटते.

भेग दिसली तर निदान सूचना तरी मिळते. पूर्वताणित काँक्रीटमधील ताणलेल्या बारीक तारांत पडणारा खड्डा बाहेरून दिसत नाही, हा खरा धोका. गोव्यात पणजीजवळील मांडवीचा पूल १९८६ च्या जुलैत कोसळला, तेव्हा अशा तारांचे क्षरण हेच कारण पुढे आले होते.

यावरील उपाय महागडे नाहीत. भारतीय मानक ४५६ (सन २०००) प्रमाणे सळईच्या काँक्रीटसाठी वापरावयाच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे. समुद्राच्या तुषारांचा मारा बसणाऱ्या भागात सळईवर किमान ५० मिलिमीटर आवरण असावे. आवरण दुप्पट केले की क्लोराइडला सळईपर्यंत पोचण्यास स्थूलमानाने चौपट काळ लागतो. खाडीची न धुतलेली वाळू किंवा मचूळ विहिरीचे पाणी वापरणारा मात्र हा शत्रू पहिल्याच दिवशी आत घेतो. मग आवरण कितीही जाड ठेवले तरी ते व्यर्थ होय.

हाच आयन आपल्या शरीरात मात्र अत्यावश्यक आहे. एक लिटर रक्तद्रवात तो सुमारे साडेतीन ग्रॅम असतो आणि जठरातील पाचक अम्लही त्याच्याविना बनत नाही. काँक्रीटची छिद्रे कोणासही अडवीत नाहीत. पेशीचे पटल स्निग्ध असल्याने आयनांना सहसा अडविते. क्लोराइडला त्यातून जाण्यासाठी प्रथिनांची बनलेली, उघडमीट होणारी दारे आहेत. अशा एका दाराचे जनुक १९८९ मध्ये सापडले. ते सदोष असल्यास सिस्टिक फायब्रोसिस हा आनुवंशिक विकार जडतो : फुप्फुसांतील श्लेष्मा घट्ट होतो आणि घाम अतिशय खारट होतो.

हेच दार आतड्यात उघडे राहिले तर काय होते, याचे उदाहरण म्हणजे पटकी. या रोगाचे जंतू आतड्यात विष सोडतात, हे कलकत्त्याचे डॉ. शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवून दिले. या विषाने दार मिटेनासे होते. क्लोराइड आतड्याच्या पोकळीत वाहू लागते, त्यामागोमाग सोडियम आणि पाणी जाते. तीव्र पटकीत रोगी तासाला एक लिटरपर्यंत पाणी गमावू शकतो.

सुदैवाने साखर व सोडियम एकत्र शोषून घेणारी वाट वेगळी असून ती या विषाने बंद पडत नाही. क्षारसंजीवनीचे सारे रहस्य एवढेच. १९७१ मध्ये बनगाव येथील निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी ती सर्रास पाजली, तेव्हा मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. आज प्रचलित असलेल्या पुडीत एक लिटर पाण्यासाठी २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, २.९ ग्रॅम सायट्रेट आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते. अशी पुडी उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यातच संपूर्ण विरघळवावी. कमी पाण्यात केलेले द्रावण तीव्र होते आणि ते शरीरातील पाणी उलट आतड्यात ओढून घेते.