सवय ठाऊक असलेला बैल

शास्त्रपाठ : निर्गम २१:२८-३०, लूक १९:१-१०, गलतीकरांस ६:१-५



लग्नसमारंभ आटोपून परतताना एखाद्या ख्रिस्ती तरुणाची मोटार पोलीस नाक्यावर अडविली जाते. श्वासचाचणीत मद्य आढळते व त्याच्यावर गुन्हा नोंदविला जातो. मध्यरात्री घरी दूरध्वनी खणखणतो आणि घरच्यांच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो असा : “आपल्या ओळखीचे कोणी आहे का?” हा प्रसंग आज आपल्या घराण्यांना अपरिचित राहिलेला नाही. अशा वेळी विश्वासणाऱ्याने कसे वागावे, हा आजच्या पाठाचा विषय आहे.

प्रथम कायदा समजून घेऊ. मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा देशभर लागू आहे. त्याच्या कलम १८५ नुसार चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळल्यास तो गुन्हा ठरतो. त्यासाठी अपघात घडावाच लागतो असे नाही. २०१९ सालच्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यास ६ महिन्यांपर्यंत कारावास, १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. गुन्हा पुन्हा घडल्यास कारावास २ वर्षांपर्यंत वाढतो व दंड १५,००० रुपये होतो. वाहन चालविण्याचा परवानाही गमवावा लागू शकतो. जागेवर तडजोड शुल्क भरून मिटविता येणाऱ्या गुन्ह्यांत याचा समावेश नाही. प्रकरण न्यायालयातच जाते. म्हणून “येथेच काय ते देऊन टाका” असे कोणी सुचविले, तर ती लाच होय, आणि लाच डोळसांनाही आंधळे करते हे आपण निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायात वाचतो.

“पण कोणाला इजा तर झाली नाही!” असे आपण म्हणतो. येथे मोशेच्या नियमशास्त्रातील मारक्या बैलाचा नियम लक्षात घ्यावा. बैलाने अचानक कोणास हुंदडून मारले, तर धनी निर्दोष ठरे. परंतु बैल मारका आहे हे ठाऊक असून, ताकीद मिळूनही धन्याने त्यास बांधून ठेवले नाही, तर त्या मृत्यूचा दोष धन्यावर येई. मारण्याचा हेतू त्याचा नव्हता. धोक्याची जाणीव मात्र होती. मद्य घेऊन चाक हाती धरणारा हा त्या धन्यासारखाच आहे. २००६ सालच्या नोव्हेंबरात मुंबईच्या कार्टर रोडवर मद्यप्राशन केलेल्या चालकाची मोटार पदपथावर झोपलेल्या मजुरांवर गेली व सात जण प्राणास मुकले. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या चालकाला सदोष मनुष्यवधाबद्दल झालेली ३ वर्षांची शिक्षा कायम केली. तेथेही मुद्दा हेतूचा नव्हता, जाणिवेचा होता. ज्याच्या हातून अद्याप कोणी मेले नाही, त्याने नाक्यावरील त्या पोलिसास शत्रू न मानता देवाने धाडलेली ताकीद मानावी.

मग आरोप आल्यावर काय करावे? पहिली गोष्ट, खोटे बोलू नये. दुसऱ्याने गाडी चालविल्याचा बनाव रचू नये. सबळ कारणावाचून चाचणी नाकारू नये. तसे करणे न्यायालयात विरुद्ध पुरावा ठरू शकते. दुसरी गोष्ट, कायद्याने दिलेले हक्क वापरण्यात पाप नाही. या कलमाखाली अटक झालेल्याची दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरांकडून तपासणी व्हावी, अन्यथा त्यास सोडावे, असे कायदाच सांगतो. वकिलाचा सल्ला अवश्य घ्यावा. चाचणी चुकली असे प्रामाणिकपणे वाटत असेल, तर तसे न्यायालयात सांगावे. पौलानेही रोमी नागरिकत्वाचा हक्क सांगितला होता. मात्र हक्क सत्यासाठी वापरणे वेगळे आणि सत्य लपविण्यासाठी वापरणे वेगळे.

तिसरी गोष्ट अधिक कठीण आहे. “देवाने मला क्षमा केली, मग शिक्षा कशाला?” असा विचार मनात येतो. दाविदाला नाथानाने क्षमेचे वचन दिले, तरी त्याच्या कृत्याचे परिणाम टळले नाहीत. जक्कयाकडे पाहा. प्रभू त्याच्या घरी उतरला तो त्याने काही परत देण्यापूर्वीच. कृपा आधी आली. आणि कृपा आली म्हणूनच तो चौपट भरपाई देण्यास उभा राहिला. क्षमा मिळालेला मनुष्य दंडाला भीत नाही, कारण देवापुढे त्याचा निकाल लागून चुकलेला असतो. अपराध घडला असेल, तर न्यायाधीशापुढे “होय, मी चुकलो” असे म्हणण्याचे बळ त्याला त्या क्षमेतूनच लाभते.

मंडळीचेही कर्तव्य आहे. मद्य मुळीच घ्यावे की नाही, याविषयी आपल्या मंडळ्यांत मतभेद असतील. मद्य घेऊन वाहन चालवू नये, याविषयी असू नयेत. पडलेल्या बंधूस सौम्यतेने पुन्हा ताळ्यावर आणावे, असे पौल गलतीकरांस लिहितो. कुजबुज करणे ही सौम्यता नव्हे, आणि वजन वापरून प्रकरण दडपणे हीदेखील नव्हे. तारखेच्या दिवशी त्याच्यासोबत न्यायालयात जाऊन बसणे, व्यसन जडले असल्यास त्यास उपचारास नेणे, त्याच्या पत्नीची व मुलांची विचारपूस करणे, ही खरी सौम्यता होय. तसेच पुढील समारंभात पाहुण्याच्या हातून किल्ली मागून घेण्याचे धैर्यही यजमानाने दाखवावे. बैल बांधण्याची वेळ ती हीच.

मननासाठी प्रश्न :
१. माझ्या घरात कोणत्या धोक्याची ताकीद मिळूनही मी तो मोकळा सोडला आहे?
२. ओळख वापरून शिक्षा टाळण्याची संधी आली, तर माझ्या मुलांसमोर मी काय करीन?
३. आरोप आलेल्या बंधूला आपल्या मंडळीत प्रथम कोण भेटते, चुगलखोर की सोबती?

प्रार्थना : हे प्रभो, आमचे अपराध लपविण्याची बुद्धी आमच्यापासून दूर कर. सत्य बोलण्याचे व त्याचे मोल देण्याचे सामर्थ्य आम्हांस दे, आणि रस्त्यावरील प्रत्येक जीव तुझा आहे हे आम्हांस विसरू देऊ नकोस. आमेन.