शांत लहरींच्या शोधात

रात्री दहानंतर रेडिओच्या मध्यम लहरींवरून काटा सावकाश फिरवून पाहा. दिवसा जेथे एखाददुसरे केंद्र लागते, तेथे रात्री दूरदूरच्या केंद्रांचे आवाज एकमेकांत मिसळू लागतात. जयपूरच्या गोपालपुऱ्यासारख्या दाट वस्तीत तर त्यात दिव्यांची, इन्व्हर्टरची आणि चार्जरची खरखरही भर घालते. असे का होते?

पृथ्वीभोवती, बऱ्याच उंचीवर, विद्युतभारित कणांचा एक थर आहे. त्याला आयनांबर म्हणतात. दिवसा त्याचा खालचा भाग मध्यम लहरी शोषून घेतो. रात्री तो भाग विरळ होतो आणि लहरी वरच्या भागावरून परतून शेकडो किलोमीटर दूर जाऊन पोहोचतात. आयनांबर जसे पृथ्वीवरील लहरींना बाहेर जाऊ देत नाही, तसेच अवकाशातून येणाऱ्या लांब लहरींनाही सहसा आत येऊ देत नाही. म्हणजे ज्याला आकाशातील लांब लहरी ऐकायच्या आहेत, त्याच्यासमोर दुहेरी अडचण असते.

ही अडचण एका हौशी रेडिओचालकाने आयुष्यभर अंगावर घेतली. त्यांचे नाव ग्रोट रेबर. अमेरिकेतील व्हीटन या गावी त्यांनी १९३७ साली स्वखर्चाने, घराच्या परसात, सुमारे साडेनऊ मीटर व्यासाची तबकडी उभारली. पहिले दोन प्रयत्न फसले. तिसऱ्या प्रयत्नात, सुमारे १.९ मीटर लांबीच्या लहरींवर, त्यांना आकाशगंगेचा आवाज सापडला. दिवसा रस्त्यावरील मोटारींच्या इंजिनांतील ठिणग्या नोंदी बिघडवीत; म्हणून ते मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत काम करीत. दिवसा नोकरी होतीच!

पुढे त्यांना याहून फार लांब लहरी हव्या होत्या, सुमारे १४४ मीटरच्या. या लहरी नभोवाणीच्या मध्यम लहरींच्या अगदी शेजारच्या. तेथे शांतता कोठून मिळणार? १९५४ साली रेबर ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडील टास्मानिया बेटावर गेले. त्या भागात आयनांबर तुलनेने विरळ असते. पुढे बॉथवेल गावाजवळ, मेंढ्यांच्या कुरणात, त्यांनी खांब रोवून तारांचे विस्तीर्ण जाळे पसरले. सूर्य शांत असलेल्या वर्षांतील हिवाळी रात्री त्यांना सर्वांत उपयोगी पडत. २००२ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी जगभरातील अनेक रेडिओ वेधशाळांमध्ये ठेवण्यात आल्या. त्यांपैकी एक वेधशाळा महाराष्ट्रात आहे.

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद हे गाव आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९९० च्या दशकात येथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभारली. तिचे शिल्पकार डॉ. गोविंद स्वरूप. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत. मीटरभर लांबीच्या लहरींना तारेची जाळीदेखील आरशासारखी पुरते. म्हणून या तबकड्या भरीव पत्र्याच्या नाहीत आणि खर्चही आटोक्यात राहिला. जागा निवडताना मानवनिर्मित गोंगाट कमी असणे ही महत्त्वाची अट होती. आकाशातून येणारी लहर इतकी क्षीण असते, की विजेच्या तारेवर उडणारी ठिणगीही तिला झाकून टाकते.

ही शांतता राखण्याची किंमत मात्र शेजारच्या गावांनाही मोजावी लागते. पुणे–नाशिक रेल्वेमार्ग नारायणगाव परिसरातून नेण्याची योजना होती. विजेवर धावणाऱ्या गाड्यांमुळे वेधांत व्यत्यय येईल, असा आक्षेप निघाला आणि २०२५ मध्ये मार्ग बदलण्याचे जाहीर झाले. टोमॅटोच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या या भागातील लोकांनी त्याला विरोध केला. वर्षानुवर्षे रेल्वेची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याचे म्हणणे चूक आहे, असे म्हणता येत नाही. दुर्बीणही उचलून दुसरीकडे नेता येत नाही.

विचार करा आणि लिहा

१. रेबर रात्रीच्या वेळी काम का करीत?
२. मध्यम लहरींवरील दूरची केंद्रे रात्रीच का ऐकू येतात?
३. तुम्ही नारायणगावचे रहिवासी असता, तर रेल्वेमार्गाबाबत कोणती बाजू मांडली असती? आठ-दहा वाक्ये लिहा.